घात उतरविण्याची रीत : एक प्रस्तावना

वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ झाले, विवेचकाच्या चिन्हावरून मुळांचे स्वरूप सांगता येऊ लागले, की बीजगणिताचा निम्मा मुलूख आपल्या ताब्यात आला असा शाळकरी विद्यार्थ्याचा समज होतो. आणि नेमक्या त्याच सुमारास चौथ्या, सहाव्या, क्वचित दहाव्या घाताची एखादी पदावली त्याच्यापुढे अशी येऊन उभी राहते की कष्टाने कमावलेले ते सूत्र तिला लागूच पडत नाही. चौथ्या घाताचे सूत्र शाळेत कोणी शिकवीत नाही, आणि मोठ्या ग्रंथांत जे आढळते ते इतके लांबलचक असते की ते चालविण्यापेक्षा गणित सोडून दिलेले बरे असे वाटावे. अशा वेळी जाणता शिक्षक फळ्यावर एकच ओळ लिहितो, 'समजा, क्ष² = म', आणि पाहता पाहता ते दुर्घट समीकरण ओळखीच्या वर्गसमीकरणाच्या रूपास येते. विद्यार्थी ती ओळ उतरवून घेतो, उत्तर मिळवितो, आणि पुढचे उदाहरण आले की पुन्हा थबकतो. कारण काय मानले ते त्याला दिसलेले असते, परंतु तेच का मानले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिले आहे.

ते मानेसरात लिहिले गेले, या बाबीचाही त्याच्या घडणीशी संबंध आहे. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अरवलीच्या झिजलेल्या टेकड्यांच्या आसऱ्याने वसलेले हे गाव औद्योगिक वसाहत झाल्यापासून पार पालटले. मोटारी, दुचाकी वाहने आणि त्यांचे सुटे भाग घडविणारे कारखाने येथे उभे राहिले, २००६-०७ च्या सुमारास मारुती सुझुकीचा विस्तीर्ण कारखाना सुरू झाला, आणि या उद्योगांच्या मागोमाग पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, औरंगाबाद या बाजूंची, यंत्रकामात मुरलेली मराठी माणसेही चाकरीनिमित्त सहकुटुंब येऊन राहिली. त्यांची मुले शाळेत इंग्रजी अगर हिंदी परिभाषेतून गणित शिकतात, आणि घरी अडले म्हणजे बाबांकडे किंवा आईकडे वही नेतात. त्या पिढीची गणिताची भाषा मात्र 'अवयव पाड', 'मूळ काढ', 'ताळा पाहा' अशी असते. दोन पिढ्यांच्या मधल्या या जागेत वापरता यावे, मुलाने उदाहरण करावे आणि पालकाने त्यातील कारण सांगावे, अशा बेताने या पुस्तकाचा मजकूर रचला आहे.

दक्षिणेतले बीजगणित उत्तरेच्या या इलाख्यात येण्याची ही काही पहिली वेळ नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाचे आपले गाव त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे, आणि त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाची हकिकत सांगणारा शिलालेख चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भाऊ दाजी लाड यांच्या दृष्टीस पडला, तो आजही खानदेशाशी असलेल्या त्या घराण्याच्या संबंधाचा भक्कम दाखला मानला जातो. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथावर सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर विस्तृत टीका लिहिणारा कृष्ण दैवज्ञ हा मूळच्या विदर्भातील, पुढे काशीस जाऊन राहिलेल्या घराण्यातला असून जहांगीर बादशहाचा त्याला आश्रय होता. अकबराच्या हुकुमावरून फैजीने 'लीलावती' १५८७ मध्ये फार्सीत आणली होतीच. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने 'बीजगणित'ही फार्सीत उतरविले, आणि त्या फार्सी ग्रंथावरून एडवर्ड स्ट्रॅची याने १८१३ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८१७ मध्ये, कोलब्रूकचे थेट संस्कृतावरून केलेले भाषांतर निघाले. एकोणिसाव्या शतकात नगर-पुण्याकडच्या मराठी घराण्यातले बापूदेव शास्त्री नागपुरास 'लीलावती' व 'बीजगणित' शिकले, सिहोरचे पोलिटिकल एजंट विल्किन्सन यांच्या नजरेस आले, काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले, आणि तेथे त्यांनी हिंदीत बीजगणिताचे पुस्तक रचले. मानेसरातल्या मराठी घरात आज संध्याकाळी उघडल्या जाणाऱ्या वहीच्या मागे एवढी वहिवाट आहे, हे मुलांच्या कानावर असावे.

आता मुख्य विषयाकडे वळू. प्रतिस्थापनाचा, म्हणजे एका पदाच्या जागी दुसरे अक्षर मानण्याचा, एक नमुनेदार प्रयोग भास्कराचार्यांच्याच ग्रंथात सापडतो, आणि त्यापासून आरंभ करणे सर्वथा उचित आहे. भुंग्यांच्या एका थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ एवढे भुंगे मालतीकडे गेले, सबंध थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले, आणि कमळात अडकलेला एक भुंगा व त्याच्याभोवती गुणगुणणारी त्याची सहचरी अशी दोन उरली. तर थवा केवढा? संख्या क्ष मानली, तर क्षच्या निम्म्याचे वर्गमूळ समीकरणात येऊन बसते, ते घालविण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो आणि अपूर्णांकांचा गुंता वाढत जातो. भास्कराचार्य येथे थव्यालाच 'अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट' असे मानतात; आपल्या लिपीत सांगायचे तर क्ष = २म². असे मानताच निम्म्याचे वर्गमूळ निव्वळ म होते, आठ-नवमांश म्हणजे १६म²/९ होतात, आणि सारे उदाहरण २म² − ९म − १८ = ० या साध्या वर्गसमीकरणावर येऊन ठेपते. त्यातून म = ६, म्हणून थवा ७२ भुंग्यांचा; छत्तिसाचे मूळ सहा, आठ-नवमांश चौसष्ट, आणि दोन मिळून बेरीज बरोबर बहात्तर.

या रीतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २म² ही निवड कोणत्याही नियमाने हुकूम केल्यासारखी आलेली नाही. कर्त्याने उदाहरण सोडविण्यापूर्वी ते न्याहाळले, कोणती राशी पुढे अडचण करणार हे हेरले, आणि ती अडचण आरंभीच नाहीशी होईल असे रूप अव्यक्ताला दिले. थव्याची संख्या हा विचारलेला प्रश्न खरा. पण ती संख्या थेट विचारण्यापेक्षा तिच्या निम्म्याचे मूळ विचारणे सोयीचे, असा त्यातला निर्णय आहे. ज्याला अव्यक्त म्हणावयाचे ते प्रश्नात विचारलेलेच असले पाहिजे अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात शाळेने नकळत रुजविलेली असते. ती सुटली की निम्मी वाट सरली असे समजावे.

येथून पुढे घात उतरविण्याच्या दोन वाटा होतात, आणि पुस्तकाचे दोन खंड त्यांना अनुसरून पाडले आहेत. पहिली वाट समीकरणांची, दुसरी किमतींची. समीकरणांच्या वाटेवर सर्वांत सोपा मुक्काम क्ष⁴ − १३क्ष² + ३६ = ० अशा धाटणीचा. यात विषम घात मुळीच नाहीत, म्हणून क्ष² = म मानताच म² − १३म + ३६ = ० मिळते, म च्या किमती ४ आणि ९ येतात, आणि क्ष च्या ±२ व ±३ अशा चार. विद्यार्थी बहुधा ४ आणि ९ हेच उत्तर लिहून मोकळा होतो. म हे आपण मध्ये घेतलेले नाव असून प्रश्न क्ष चा होता, याचा त्याला विसर पडतो. मानलेल्या अक्षरापासून मूळच्या अक्षराकडे परत येणे हा या रीतीचा अनिवार्य भाग आहे, हे पुस्तकात वारंवार बजावले आहे, आणि त्या पुनरुक्तीबद्दल आम्हांला संकोच वाटत नाही.

याच्या पुढचा मुक्काम अधिक रोचक आहे. (क्ष + १)(क्ष + २)(क्ष + ३)(क्ष + ४) = १२० हे समीकरण घ्या. चारही कंस गुणून काढले तर क्ष⁴ + १०क्ष³ + ३५क्ष² + ५०क्ष − ९६ = ० मिळते, आणि गुणाकाराच्या श्रमाबरोबर उदाहरणातली सुबकताही निघून जाते. त्याऐवजी पहिला कंस चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी जोडला, तर क्ष² + ५क्ष + ४ आणि क्ष² + ५क्ष + ६ असे दोन गुणाकार हाती येतात. दोहोंत क्ष² + ५क्ष हा अंश समान. आता क्ष² + ५क्ष + ५ या मधल्या राशीला म मानले की समीकरण (म − १)(म + १) = १२०, म्हणजे म² = १२१ असे होते. म = ११ घेतल्यास क्ष ची किंमत १ किंवा −६ येते; म = −११ घेतल्यास विवेचक ऋण निघतो आणि वास्तव मुळे मिळत नाहीत. जाता जाता एक सामान्य सत्यही हाती लागते: कोणत्याही चार क्रमागत पूर्णांकांच्या गुणाकारात एक मिळविला की पूर्ण वर्ग होतो. गुणाकार विस्तारून लिहिणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या वाचकांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची फारशी गरज नाही. मोटारीच्या जुळणीच्या रांगेवर इंजिन येते ते अगोदरच पुरे जुळलेले. रांगेवरचा कारागीर त्यातील दट्ट्या, झडपा, दंतचक्रे यांची विचारपूस करीत बसत नाही, तो त्या सबंध जुळणीला एक नग समजून चौकटीवर बसवितो, आणि तिचा आतला तपशील दुसऱ्या दालनात, दुसऱ्या वेळी पाहिला जातो. क्ष² + ५क्ष + ५ ला म म्हणणे हे असेच आहे. आतला तपशील नाहीसा होत नाही, त्याची पाळी मागाहून येते. मात्र ज्या राशीला एक नग मानावयाचे ती समीकरणात जेथे जेथे येते तेथे तेथे सबंध आली पाहिजे; एका ठिकाणी म आणि दुसऱ्या ठिकाणी सुटा क्ष अशी सरमिसळ राहिली, तर निवड चुकली असे खुशाल समजावे.

चौथ्या घाताचे कोणते समीकरण या रीतीला वश होईल, हे आगाऊ ओळखता येते काय? येते, आणि त्याची कसोटी सोपी असूनही शालेय पुस्तकांत क्वचितच आढळते. समीकरण क्ष⁴ + अ·क्ष³ + ब·क्ष² + क·क्ष + ड = ० असे लिहिले, तर ते क्ष² + (अ/२)क्ष या एका राशीत मांडता येण्यासाठी अ³ − ४अब + ८क = ० एवढे खरे असले पाहिजे, आणि एवढेच पुरेसे आहे. वरच्या उदाहरणात अ = १०, ब = ३५, क = ५०; म्हणून १००० − १४०० + ४०० = ०, कसोटी उतरली. तिचा अर्थ असा की समीकरणाची मुळे एका मध्यबिंदूच्या दोहों बाजूंना समान अंतरावर जोडीजोडीने बसलेली आहेत. तो मध्यबिंदू शून्यापाशी आणला की विषम घात आपोआप गळून पडतात आणि आपण पहिल्या मुक्कामावर परततो. कसोटीचे कारण समजले म्हणजे प्रतिस्थापन हा जादूगाराचा हातगुण राहत नाही. मुळांच्या ज्या सममितीमुळे ते सफल झाले, ती सममिती डोळ्यांपुढे उभी राहते.

दुसऱ्या एका जातीच्या समीकरणांत सममिती वेगळ्या रीतीने लपलेली असते. ६क्ष⁴ − ३५क्ष³ + ६२क्ष² − ३५क्ष + ६ = ० याचे सहगुणक उजवीकडून वाचा वा डावीकडून, क्रम तोच. अशा समीकरणाला क्ष हे मूळ असेल तर १/क्ष हेही असतेच. म्हणून सर्व पदांना क्ष² ने भागून क्ष + १/क्ष = म मानावे; क्ष² + १/क्ष² याची किंमत म² − २ होते, आणि समीकरण ६म² − ३५म + ५० = ० असे उतरते. म च्या किमती १०/३ आणि ५/२. त्यांवरून क्ष च्या किमती ३, १/३, २ आणि १/२. भागण्यापूर्वी क्ष शून्य नाही याची खातरजमा करणे अगत्याचे. येथे स्थिरपद ६ असल्याने ती आपोआप होते.

आता दुसरी वाट. पुष्कळदा समीकरण सोडवावयाचे नसतेच; एक संबंध दिलेला असतो आणि त्यावरून एखाद्या मोठ्या घाताची किंमत मागितलेली असते. क्ष = २ + √३ असेल तर क्ष⁴ − ४क्ष³ + २क्ष² − ४क्ष + ५ याची किंमत काढा, असे म्हटल्यावर बहुतेक मुले २ + √३ चा चौथा घात करावयास बसतात. जरा थांबून पाहावे: क्ष − २ = √३, म्हणून वर्ग करून क्ष² = ४क्ष − १. आता क्ष⁴ − ४क्ष³ म्हणजे क्ष²(क्ष² − ४क्ष), म्हणजेच −क्ष². सबंध पदावली क्ष² − ४क्ष + ५ एवढी उरते, आणि तिची किंमत ४. करणीचा एकही गुणाकार करावा लागला नाही.

या युक्तीचे पूर्ण स्वरूप क्ष² = क्ष + १ या संबंधात सर्वांत स्वच्छ दिसते. दोन्ही बाजूंना क्ष ने गुणत जावे आणि जेथे क्ष² उगवेल तेथे क्ष + १ ठेवीत जावे; क्ष³ = २क्ष + १, क्ष⁴ = ३क्ष + २, क्ष⁵ = ५क्ष + ३, क्ष⁶ = ८क्ष + ५. कोणताही घात असो, तो एकघाती रूपात उतरतो, आणि सहगुणक म्हणून १, २, ३, ५, ८, १३ ही तीच संख्यामाला येते जी छंदांतील लघु-गुरूंच्या रचना मोजताना हेमचंद्रसूरीने बाराव्या शतकात, म्हणजे भास्कराचार्यांच्याच काळात, सांगितली आणि पाश्चात्त्य जगात जी पुढे फिबोनाचीच्या नावावर चढली. दहावा घात हवा असेल तर एक एक पायरी चढण्याचेही कारण नाही; क्ष⁵ = ५क्ष + ३ चा वर्ग करावा, २५क्ष² + ३०क्ष + ९ येते, क्ष² च्या जागी क्ष + १ ठेवावे, ५५क्ष + ३४ मिळते. तसेच क्ष + १/क्ष = ३ दिले असता वर्ग करून दोन वजा करीत गेले की दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या घातांच्या बेरजा अनुक्रमे ७, ४७ आणि २२०७ अशा तीन पावलांत लागतात. आणि क्ष² + क्ष + १ = ० असेल, तर क्ष − १ ने गुणताच क्ष³ = १ निघते; मग शंभरावा घात विचारला तरी नव्याण्णवास तिहींनी भाग जातो एवढे पाहून उत्तर 'क्ष' असे तात्काळ सांगता येते, क्ष वास्तव संख्या नसली तरीही.

या साऱ्यांच्या तळाशी असलेले तत्त्व भागाकाराचे आहे. दिलेल्या संबंधातील राशी शून्य आहे. मोठ्या पदावलीला त्या राशीने भागले, तर भाजक ज्याचा अवयव आहे तो भाग शून्य होतो आणि केवळ बाकी शिल्लक राहते. बाकीचा घात भाजकाच्या घाताहून नेहमी कमी असतो. म्हणजे घात उतरणारच याची हमी येथे भागाकार देतो. समीकरणांच्या वाटेवर अशी हमी नसते, आणि या दोन वाटांतला हा भेद विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावा.

कारण पहिल्या वाटेची हद्द ठरलेली आहे. वर्गसमीकरण सोडविण्याची जी रीत श्रीधराचार्यांच्या नावे भास्कराचार्यांनी दिली आहे, आणि जिच्या प्रकरणाला 'मध्यमाहरण' म्हणतात, तीही मुळात मधले पद नाहीसे करण्याचीच तजवीज आहे. त्याच ग्रंथात क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५ हे त्रिघाती उदाहरण आहे; ६क्ष² + ८ दोन्ही बाजूंतून वजा केले की (क्ष − २)³ = २७ होते, म्हणून क्ष = ५. शेजारीच क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९ हे उदाहरण आहे, आणि त्याला आपली वरची कसोटी लावली तर अ शून्य असूनही क शून्य नसल्याने ती फसते; एका राशीला म मानून हे समीकरण उतरणार नाही. भास्कराचार्य येथे दोन्ही बाजूंस ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवितात, तेव्हा एकीकडे क्ष² + १ चा आणि दुसरीकडे २क्ष + १०० चा पूर्ण वर्ग तयार होतो, आणि क्ष = ११ हे उत्तर लाभते. काय मिळवावे याचा नियम त्यांनी दिला नाही. अशा ठिकाणी स्वबुद्धीनेच मार्ग काढावा असे सांगितले. चार शतकांनंतर इटलीत फेरारीने असे मिळवावयाचे पद शोधण्याची सर्वसाधारण रीत बसविली, आणि ती १५४५ मध्ये कार्दानोच्या 'आर्स माग्ना' या ग्रंथात प्रसिद्ध झाली. पुढे १६८३ मध्ये चिर्नहाउस याने अधिक मोठ्या प्रतिस्थापनांनी सर्वच मधली पदे उडवून कोणत्याही घाताचे समीकरण सोडविता येईल अशी आशा बाळगली. ती आशा १८२४ मध्ये आबेलने सिद्धतेनिशी संपविली. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला मूळचिन्हांनी लिहिलेले सूत्र असू शकत नाही, आणि म्हणून सर्वांना लागू पडेल असे प्रतिस्थापनही असू शकत नाही. आपल्याला मिळणारी उदाहरणे सुटतात ती त्यांच्या अंगच्या विशेष घडणीमुळे. ती घडण ओळखणे हेच अभ्यासाचे खरे क्षेत्र.

मुळांच्या स्वीकाराविषयी दोन शब्द. भुंग्यांच्या उदाहरणात म ची दुसरी किंमत −३/२ येते आणि तिच्यावरून थवा साडेचारांचा निघतो. साडेचार भुंगे हास्यास्पद आहेतच, पण क्षणभर अपूर्ण भुंगे पत्करले तरी ताळा जुळत नाही. कारण वर्गमूळ धन घ्यावयाचे, आणि म ऋण असल्याने ते बिघडते. 'बीजगणिता'तच वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे: कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून राहिलेल्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक फांदीवर दिसला. उत्तरे दोन, ५० आणि ५. दोन्हींचा अंकांनी ताळा जुळतो. परंतु पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन वजा करावयाचे तर राशी ऋण होते, आणि लोकव्यवहारात ऋण वानर पटण्याजोगे नाहीत म्हणून आचार्यांनी दुसरे उत्तर त्याज्य ठरविले. पहिल्या उदाहरणात मूळ समीकरणच साक्ष नाकारते, दुसऱ्यात समीकरण साक्ष देते पण प्रसंग देत नाही. या दोन नकारांत विद्यार्थ्याने गफलत करू नये, सबब प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रुजवातीचे उदाहरण वेगळे दिले आहे: मिळालेली प्रत्येक किंमत मूळ समीकरणात ठेवून पाहावी, मध्ये मानलेल्या अक्षराच्या समीकरणात नव्हे.

मांडणीविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. शालेय पुस्तकांत प्रत्येक प्रकाराखाली त्याच प्रकारची उदाहरणे असतात, त्यामुळे कोणते अक्षर कशाला मानावे हे मथळाच सांगून टाकतो. आम्ही पहिल्या प्रकरणांत तशीच सोय ठेवली असली, तरी पुढे पुढे उदाहरणे जाणूनबुजून मिसळली आहेत आणि काही उदाहरणे अशीही घातली आहेत की त्यांना प्रतिस्थापनाची मुळीच गरज नाही. अवयव पाडून ती सरळ सुटतात. रीत कोठे वापरू नये हे कळल्याशिवाय ती कोठे वापरावी हे कळत नाही. परिभाषा मराठी ठेवली आहे, आणि अव्यक्तासाठी आमच्या पिढीच्या सवयीचे 'क्ष' कायम केले आहे. मुलांनी शाळेच्या वहीत आपल्या शिक्षकांनी सांगितलेली अक्षरे वापरावीत. ज्या पालकांनी संध्याकाळच्या फावल्या वेळात हस्तलिखित वाचून, मुलांकडून उदाहरणे करवून घेऊन, कोठे भाषा जड झाली आणि कोठे पायरी गाळली गेली हे दाखविले, त्यांचे ऋण मोठे आहे. भाषा अजूनही कोठे जड राहिली असल्यास तो दोष आमच्या वयाचा आहे असे समजून त्यांनी सांभाळून घ्यावे.

वाचकाकडे मागणे एवढेच आहे की, कोणतेही उदाहरण उघडल्यावर पेन्सिल लगेच उचलू नये. घात कोणते आहेत आणि कोणते गैरहजर आहेत, सहगुणकांचा क्रम उलटा वाचता येतो काय, कोणती राशी दोनदा सबंध येते, कोणते पद पुढे त्रास देणार, एवढी चौकशी आधी पुरी करावी. मग अक्षर मानावे, समीकरण उतरवावे, मूळच्या अक्षराकडे परतावे आणि ताळा पाहावा. ज्याला ही सवय एकदा जडली, त्याने पुस्तकातली उरलेली उदाहरणे न सोडविता मिटून ठेवली, तरी ग्रंथकर्त्याची त्याबद्दल काही तक्रार राहणार नाही.

मानेसर, जि. गुरुग्राम
— ग्रंथकर्ता